लघवीतून न दुखता रक्त गेलं आणि आपोआप थांबलं, तरी दुर्बीण घालून बघायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६२ वर्षांचे. इचलकरंजीत कापड रंगवण्याच्या प्रोसेसमध्ये उमेदीची सगळी वर्षं गेली. बिडीची सवय जुनी, मधुमेह आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी दोन दिवस लघवी लालभडक झाली, दुखलं-खुपलं काही नाही. फॅमिली डॉक्टरांनी पाच दिवसांची अँटिबायोटिक दिली आणि रक्त थांबलं. गेल्या आठवड्यात पुन्हा एक दिवस तसंच झालं. लघवीच्या तपासणीत लाल पेशी भरपूर, कल्चरमध्ये जंतू नाहीत, सोनोग्राफीत प्रोस्टेट थोडी मोठी आणि बाकी ‘नॉर्मल’. घरात कोणी म्हणतं उष्णता बाहेर पडतेय, कोणी म्हणतं दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडले तेव्हाचा मार आहे. एका डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सुचवली आहे आणि वडील नको म्हणतात. शिवाय तुम्हाला स्वतःला वर्षातून तीन-चार वेळा उन्हाळी लागते, तेव्हा हे घराण्यातच आहे का, असंही तुम्ही विचारलं आहे.

मी मूत्ररोगतज्ज्ञ आहे आणि अशा फायली बऱ्याच वर्षांपासून बघत आलो आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो: हो, दुर्बीण करून घ्या, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत करून घ्या. वडिलांना नीट समजावून सांगता यावं म्हणून कारणंही सविस्तर लिहितो.

खरा पेच वेगळाच आहे. रक्त थांबलं, याचा अर्थ काय लावायचा? घरातल्यांनी अर्थ लावला की बरं झालं. गोळ्या घेतल्या, रक्त थांबलं, म्हणजे गोळ्यांनी थांबलं. पण मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर एखादी गाठ असेल, तर तिचं रक्त येण्याची पद्धतच अशी आहे. गाठीच्या टोकाचा नाजूक भाग तुटतो, दिवसभर किंवा दोन दिवस रक्त येतं, तिथे रक्त गोठतं आणि येणं बंद होतं. मग पंधरा दिवस, दोन महिने, कधी सहा महिनेसुद्धा लघवी अगदी स्वच्छ असते. त्या दोन दिवसांत दिलेल्या कुठल्याही औषधाला, काढ्याला, धण्या-जिऱ्याच्या पाण्याला श्रेय मिळून जातं. माझ्याकडे उशिरा पोचणाऱ्या पेशंटच्या फायलीत हेच दिसतं: एकामागून एक अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या आणि प्रत्येक वेळी ‘आराम पडला’. कल्चरमध्ये जंतू नसताना दिलेल्या अँटिबायोटिकने रक्त थांबवलं, असं मानायला काही आधार नाही.

लगेच दुसरी बाजूही सांगतो, कारण हे वाचून तुम्ही रात्रभर जागू नये. उघड्या डोळ्यांना दिसणारं रक्त घेऊन तपासणीला येणाऱ्या मोठ्या वयाच्या लोकांमध्ये साधारण १० ते २० टक्क्यांना मूत्रमार्गात कुठेतरी कर्करोग सापडतो. म्हणजे बहुतेकांना तो नसतो. प्रोस्टेटवरच्या फुगलेल्या रक्तवाहिन्या, मूत्राशयातला खडा, किडनीतला खडा, जुनी सूज अशी साधी कारणं निघतात, आणि काही जणांमध्ये सगळ्या तपासण्या करूनही काहीच सापडत नाही. पण तुमचे वडील त्या मोठ्या गटात आहेत की लहान, हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही. मलाही नाही.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं. हाच प्रश्न २४ वर्षांच्या मुलीने विचारला असता, लघवीला आग होतेय, दर दहा मिनिटांनी जावं लागतंय आणि शेवटी दोन थेंब रक्त येतंय, तर मी आधी जंतुसंसर्गाचा उपचार केला असता आणि तो संपल्यावर लघवी पुन्हा तपासून रक्त गेलंय ना एवढं पाहिलं असतं. कुशीतून जांघेकडे कळ मारणाऱ्या तिशीतल्या माणसाच्या बाबतीत मी खडा शोधला असता. बीट खाऊन किंवा क्षयरोगाच्या रिफाम्पिसिन गोळीने लघवी लाल-नारिंगी होते, पण त्यात लाल पेशी नसतात. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टात त्या आहेत, तेव्हा तो मुद्दा इथेच मिटला. वय साठीपुढचं, बिडी, रंगाचं काम आणि न दुखता आलेलं रक्त, या चार गोष्टी एकत्र आल्या की मी वाट बघत नाही.

वडिलांना एक गोष्ट मुद्दाम विचारा. रक्त लघवीच्या सुरुवातीला होतं, शेवटी होतं, की पहिल्यापासून अखेरपर्यंत सगळीच लघवी लाल होती? सुरुवातीलाच येऊन मग स्वच्छ होत असेल तर उगम बहुधा मूत्रनलिकेत, म्हणजे मूत्राशयातून बाहेर येणाऱ्या लघवीच्या नळीत असतो. शेवटच्या थेंबांना येत असेल तर मूत्राशयाच्या तोंडाशी किंवा प्रोस्टेटपाशी. सगळी लघवी लाल असेल तर मूत्राशय किंवा त्याच्या वरचा भाग, म्हणजे किडनी आणि तिथून खाली येणारी नळी. गाठी पडल्या असतील तर त्यांचा आकारही विचारा. लांबट, बारीक, दोऱ्यासारख्या गाठी वरच्या नळीतून येतात, वेड्यावाकड्या जाड गाठी मूत्राशयात तयार होतात. यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांना कुठे जास्त बारकाईने बघायचं ते कळतं. पुन्हा रक्त दिसलं तर पांढऱ्या भांड्यात घेऊन मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ‘थोडंसं लालसर’ आणि ‘रक्तासारखं लाल’ यांतला फरक शब्दांत सांगता येत नाही, फोटोत लगेच दिसतो.

आता घरातल्यांनी पुढे केलेली कारणं एकेक करून घेऊ.

रक्त पातळ करायची गोळी. रक्तस्राव वाढवायला ती मदत करते हे खरं, पण निरोगी अस्तरातून ती रक्त काढत नाही. उलट एखादी छोटी गाठ जी आणखी वर्षभर गप्प बसली असती, ती या गोळीमुळे लवकर रक्त दाखवते. म्हणून गोळी चालू असलेल्या माणसाचीही तपासणी तेवढीच पूर्ण करायची असते. ती गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयासाठी दिलेली असेल तर नुसत्या तपासणीच्या दुर्बिणीसाठी बहुतेक वेळा ती थांबवावी लागत नाही. ऑपरेशन ठरलं तर हृदयाचे डॉक्टर आणि आम्ही मिळून ठरवतो.

प्रोस्टेट. या वयात ती बहुतेकदा वाढलेली असते, आणि तिच्यातून रक्त येतंही. पण ‘प्रोस्टेटमुळे रक्त’ हे निदान शेवटी करायचं असतं, बाकीचं सगळं पाहून झाल्यावर. ते आधीच केलं की शोध तिथेच थांबतो.

सोनोग्राफी नॉर्मल. यावर थोडा वेळ थांबतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच निश्चिंत होतात. सोनोग्राफी चांगली तपासणी आहे, पण मूत्राशयाच्या भिंतीला सपाट चिकटलेला आजार तिच्यात दिसत नाही आणि काही मिलिमीटरची गाठ सहज निसटते. तपासणीच्या वेळी मूत्राशय नीट भरलेलं नसेल तर अस्तराच्या घड्या पडतात आणि त्यांच्या आड बरंच काही लपतं. रिपोर्टात मूत्राशय ‘अपुरं भरलेलं’ अशा अर्थाचं काही लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर तो रिपोर्ट मूत्राशयाबद्दल काहीच सांगत नाही असं समजा. सोनोग्राफीत गाठ दिसली तर उपयोग आहे, नाही दिसली तर नाही म्हणता येत नाही.

बिडी आणि रंग. मूत्राशयाच्या कर्करोगातला सुमारे निम्मा वाटा धूम्रपानाचा आहे, आणि बिडी त्यात कमी नाही. धुरातली विषारी द्रव्यं रक्तात जातात, किडनी ती गाळते आणि मग ती लघवीत मिसळून तासन् तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात. फुप्फुसाचं आपल्याला पटकन पटतं, मूत्राशयाचं लक्षातच येत नाही. रंगाचा संबंध तर फार जुना आहे. १८९५ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या सर्जनने फुक्सिन नावाचा रंग बनवणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचं मांडलं होतं. पुढे बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन ही द्रव्यं दोषी ठरली. भारतात बेंझिडीनवर आधारलेल्या रंगांवर १९९० च्या दशकात बंदी आली. म्हणजे वडील तरुणपणी काम करत होते तेव्हा कुठले रंग हाताळले जात होते, हे विचारण्यासारखं आहे, कारण संपर्क आणि आजार यांच्यात वीस, तीस, कधी चाळीस वर्षांचं अंतर पडू शकतं. डॉक्टरांना हे आपणहून सांगा, पेशंटचा जुना धंदा विचारायचा राहून जातो. मधुमेहाच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन असेल तर तेही सांगा. २०१३ मध्ये भारतात तिची विक्री थोड्या काळापुरती थांबवली होती, नंतर मूत्राशयाच्या कर्करोगाबद्दलच्या इशाऱ्यासह ती पुन्हा सुरू झाली. लघवीतून रक्त जात असेल आणि त्याचं कारण सापडलेलं नसेल, तर ही गोळी घेऊ नये.

इंटरनेटवर तुम्ही ज्या किड्याबद्दल वाचलंत तो शिस्टोसोमा. आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत तो लघवीतून रक्त जाण्याचं मोठं कारण आहे. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ च्या सुमारास त्याचं एक केंद्र सापडल्याची नोंद आहे, म्हणून महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना तो परीक्षेपुरता माहीत असतो. तुमच्या वडिलांचा त्याच्याशी संबंध असण्याचं काही कारण दिसत नाही.

मोटरसायकलचा अपघात. दोन वर्षांपूर्वीच्या मुक्या माराचं रक्त आता येत नाही. मूत्राशयाला मार लागला तर तो त्याच दिवशी बोलतो. लघवी तुंबून मूत्राशय भरलेलं असताना ओटीपोटावर जोरात दणका बसला, तर त्याचा वरचा भाग, जो सगळ्यात कमकुवत असतो, फाटतो आणि लघवी पोटाच्या पोकळीत सांडते. अशा माणसाला लघवीला लागल्यासारखं वाटतं पण होत नाही, पोट फुगत जातं, आणि पोटातली लघवी परत रक्तात शोषली गेल्यामुळे क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मोजायचा रक्तातला आकडा, वाढतं. याला ऑपरेशन करून मूत्राशय शिवावंच लागतं. दुसरा प्रकार कमरेचं हाड मोडल्यावर होतो. त्यात मूत्राशय खालच्या बाजूला, पोटाच्या पोकळीबाहेर फाटतं. तिथे गुंतागुंत नसेल तर सुमारे दोन आठवडे नळी ठेवून ते आपोआप भरून येतं, आणि नळी काढण्याआधी औषध भरून एक्स-रेवर खात्री करतात. हे लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. कमरेच्या मोठ्या मारानंतर लिंगाच्या तोंडाशी रक्त दिसत असेल, तर कोणालाही घाईने नळी घालू देऊ नका. आधी औषध सोडून एक्स-रे काढायचा असतो, नाहीतर अर्धवट फाटलेली मूत्रनलिका पूर्ण फाटते. आणि लांबच्या प्रवासाला, विशेषतः दुचाकीवर, निघताना लघवीला जाऊन निघावं. रिकाम्या मूत्राशयाला मार लागायला फार मोठा आघात लागतो.

अपघाताचा एक उशिरा दिसणारा परिणाम मात्र असतो: मूत्रनलिका आकसणं. वडिलांची धार तेव्हापासून बारीक झाली असेल, जोर करावा लागत असेल, तर सांगा. दुर्बिणीत तेही दिसतंच.

आता ती दुर्बीण. वडिलांच्या डोळ्यांसमोर कदाचित मोठं ऑपरेशन आहे. नुसती बघण्याची दुर्बीण ओपीडीत होते. टेबलावर झोपवतात, लघवीच्या जागेत भूल देणारी जेली सोडतात आणि ती मुरायला काही मिनिटं थांबतात. घाई करणारे इथेच चुकतात आणि पेशंटला उगाच दुखतं. लवचिक दुर्बीण असेल तर पुरुषांना फारच सोपं जातं, म्हणून ती कुठे आहे याची चौकशी करा. साधारण २० सेंटिमीटरच्या मार्गातून ती आत जाते. प्रोस्टेटपाशी क्षणभर चमक येते, तेव्हा हळू श्वास सोडायचा आणि लघवी करतोय असं मनात आणायचं. मग पाणी सोडून मूत्राशय उघडतात आणि भिंत चारी बाजूंनी बघतात. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं. नंतर एक-दोन दिवस आग होते, लघवी किंचित गुलाबी होते, पाणी भरपूर प्यायलं की निवळते. पडद्यावर वडिलांना स्वतःलाही बघता येतं, आणि बरेच जण बघतात. निरोगी अस्तर फिकट गुलाबी, गुळगुळीत, त्यावर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. गाठ असेल तर बहुतेक वेळा पाण्यात हलणाऱ्या शेवाळासारखे नाजूक झुबके दिसतात. ते एकदा पाहिलं की ‘रक्त मध्येच का येतं आणि का थांबतं’ हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुर्बिणीबरोबर किडनी आणि वरच्या नळ्यांसाठी औषध टोचून केलेला सीटी स्कॅन लागतो. त्याआधी क्रिएटिनिन तपासून घ्या आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तसं सांगा. लघवीतल्या पेशींची तपासणीही पाठवतात. जहाल प्रकार पकडायला ती चांगली, पण सौम्य गाठी तिच्यातून निसटतात. तेव्हा तीच एकटी करून ‘नॉर्मल आलं’ म्हणून थांबू नका.

समजा, काही सापडलं. तरी घाबरून जाण्याआधी हे लक्षात घ्या: मूत्राशयाचे चारपैकी सुमारे तीन कर्करोग सापडतात तेव्हा अस्तरापुरते किंवा त्याच्या लगेच खालच्या थरापुरते असतात, स्नायूत शिरलेले नसतात. त्यांच्यासाठी पोटावर चीर लागत नाही. कमरेत भूल देऊन लघवीच्या मार्गानेच तारेच्या कडीने गाठ खरवडून काढतात. ते ऑपरेशन एकाच वेळी उपचारही असतं आणि तपासही. रिपोर्ट आला की तुम्ही स्वतः एक गोष्ट शोधा: तुकड्यात स्नायूचा भाग आला आहे का, आणि तो आजारापासून मोकळा आहे का. स्नायू आलेलाच नसेल तर आजार किती खोल गेला हे ठरत नाही. अशा वेळी, किंवा गाठ जहाल प्रकारची असून वरच्या थराखाली गेलेली असेल तर, दोन ते सहा आठवड्यांत दुसऱ्यांदा खरवडून बघतात. पेशंटला वाटतं पहिल्यांदा नीट केलं नाही. तसं नसतं, हीच योग्य पद्धत आहे.

जहाल पण वरवरच्या गाठींसाठी मूत्राशयात बीसीजी सोडतात. होय, बाळाला देतात त्याच जातीचा जिवंत, दुबळा केलेला जंतू. १९७६ मध्ये कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी हा उपचार मांडला आणि तो अजून मागे पडलेला नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही ही बीसीजी तयार होते. आठवड्यातून एकदा असे सहा डोस, मग ठरावीक अंतराने वर्ष ते तीन वर्षं. नळीने औषध आत सोडतात, दोन तास धरून ठेवायचं, मग बसून लघवी करायची आणि पहिले सहा तास प्रत्येक वेळी संडासात ब्लीच ओतून थोडा वेळ थांबून पाणी सोडायचं, कारण औषधात जिवंत जंतू असतात. एखादा दिवस आग आणि कणकण जाणवते. ताप चढून उतरत नसेल तर मात्र लगेच कळवायचं.

आजार स्नायूत गेला असेल तर गोष्ट मोठी असते. मूत्राशय काढून आतड्याच्या तुकड्यातून लघवीला नवी वाट करून देतात, किंवा निवडक पेशंटमध्ये गाठ खरवडून केमो आणि रेडिएशन देऊन मूत्राशय वाचवतात. त्याबद्दल आत्ता जास्त लिहीत नाही, त्याची वेळ येईलच असं नाही. आज दुर्बिणीचा आग्रह धरतोय तो पहिल्या टप्प्यातलं दुसऱ्यात जाऊ नये म्हणूनच.

आता तुमची उन्हाळी. वडिलांच्या रक्ताशी तिचा संबंध नाही आणि ती घराण्याची म्हणूनही समजू नका. बायकांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर असते, त्यामुळे आतड्यातला ई. कोलाय हा जंतू सहज वर चढतो. वर्षातून तीन किंवा सहा महिन्यांत दोन वेळा झालं, तर आम्ही त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतो आणि मुळाशी जातो. तुम्ही दर वेळी मेडिकलमधून तीच जुनी गोळी आणता, असं लिहिलं आहे. ते थांबवा. आपल्याकडे ई. कोलाय नॉरफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनला बऱ्याच प्रमाणात दाद देईनासा झाला आहे. पुढच्या वेळी गोळी घेण्याआधी कल्चरला लघवी द्या: जागा पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली निर्जंतुक डबीत घ्या आणि तासाभरात लॅबला पोचवा. उशीर झाला तर डबीत जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो. साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनचा एक डोस बहुतेकदा पुरतो. कुठलं द्यायचं ते डॉक्टर तुमची किडनी आणि गरोदरपण बघून ठरवतील. नायट्रोफ्युरँटॉइन घेताना जळजळीसाठीचं क्षारयुक्त सिरप सोबत घेऊ नका, आम्लधर्मी लघवीत ती गोळी जास्त चांगलं काम करते. थंडी वाजून ताप आणि पाठीत दुखणं असेल तर संसर्ग किडनीपर्यंत गेलेला असतो, तिथे या गोळ्या पुरत नाहीत.

पाणी प्या, हा सल्ला साधा वाटतो पण त्यामागे पुरावा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या तरुण बायकांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं, तेव्हा त्यांना वर्षात सरासरी १.७ संसर्ग झाले, पाणी न वाढवणाऱ्यांना ३.२. पण मला माहीत आहे, बायका पाणी का पीत नाहीत. ऑफिसात, बसस्टँडवर, बाजारात जायला स्वच्छ जागा नसते, म्हणून सकाळपासून घसा कोरडा ठेवतात. मुंबईत बायकांनी ‘राइट टू पी’ची मोहीम चालवली ती याचसाठी, आणि डॉक्टर म्हणून ती मला औषधाइतकीच महत्त्वाची वाटते. शक्य असेल तिथे तीन-चार तासांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. संबंधांनंतर लगेच लघवीला जा. कल्चर पुन्हा पुन्हा निल येऊनही लघवीत पू पेशी राहत असतील, तर क्षयरोगासाठी पहाटेची लघवी तपासून घ्या, आपल्या देशात हे विसरून चालत नाही. आणि काहीही त्रास नसताना नुसते कल्चरमध्ये जंतू आले म्हणून औषध घेऊ नका. त्याला अपवाद गरोदरपणाचा आणि मूत्रमार्गाच्या ऑपरेशनआधीचा.

वडिलांकडे परत येतो. या आठवड्यात क्रिएटिनिन, साखर, हिमोग्लोबिन आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या, आणि दुर्बिणीची तारीख घ्या. खर्चाची अडचण असेल तर ऑपरेशनची वेळ आल्यास महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, याची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आत्ताच करा, रेशन कार्ड आणि आधार कार्ड जवळ ठेवा. बिडी आजच बंद. आजार निघाला तरी बिडी सुटलेल्या माणसाची गाठ परत येण्याची शक्यता कमी होते, आणि नाही निघाला तरी तोट्यात कोणी जात नाही. नको म्हणणाऱ्या माणसाला ‘कॅन्सर असेल’ असं म्हणून आणता येत नाही, तो अजून दूर पळतो. मी स्वतः अशा पेशंटला म्हणतो, “काका, दहा मिनिटं द्या, आत काय आहे ते आपण दोघं मिळून पडद्यावर बघू, पुढचं तुम्ही ठरवा.” पुष्कळ जण एवढ्यावर तयार होतात.

तारीख येईपर्यंत एका गोष्टीकडे मात्र लक्ष असू द्या. पुन्हा रक्त आलं, गाठी पडू लागल्या आणि लघवी अडकून ओटीपोट दुखायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका. जास्त पाणी पाजून ती सुटत नाही, उलट पिशवी आणखी ताणली जाते. रात्रीचे दोन वाजले असले तरी जिथे मूत्ररोगतज्ज्ञ आहे अशा रुग्णालयात न्या. तिथे जाड, तीन तोंडांची नळी घालून गाठी धुऊन काढतात. बारीक नळी पुन्हा पुन्हा तुंबते. निघताना सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, रक्त पातळ करायच्या गोळीचं सगळ्यात आधी.